‘काय कमी होतं?’ : बाळंतीण, क्लासची पोरं आणि मनाच्या आजाराची जोखीम

निकालाचे दिवस आले की पेपरात एखादी तरी वाईट बातमी येते. पानटपरीवर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "काय कमी होतं त्याला? बापानं क्लासची फी भरली, गाडी घेऊन दिली, वेगळी खोली दिली." बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी खिडकीशी बसून रडायला लागली की शेजारच्या काकूही तेच म्हणतात, "सोन्यासारखं लेकरू झालं, नवरा चांगला आहे, काहून रडून राहिली?"

प्रश्न मुळात वाईट नाही. आपण तो उत्तर ऐकून घ्यायला विचारत नाही, एवढंच. मानसोपचारतज्ज्ञही बाळंतिणीच्या किंवा सोळा वर्षांच्या पोराच्या समोर बसून जवळपास हेच विचारतात. याच्या शरीरात, घरात, आजूबाजूला असं काय होतं ज्यामुळे आजाराची शक्यता वाढली? अशा गोष्टींना ‘जोखीम घटक’ म्हणतात. हा एक शब्द नीट समजला तर या विषयावरच्या निम्म्या बातम्या आपोआप कळायला लागतात.

जोखीम घटक म्हणजे कारण नव्हे

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की ऊन कोणाला लागतं? भर दुपारी सीताबर्डीवर फिरणाऱ्या सगळ्यांनाच काही लागत नाही. पण जो रिकाम्या पोटी निघाला, डोक्याला दुपट्टा बांधला नाही, दोन दिवसांपासून जुलाबाने खंगला आहे आणि ज्याला सावलीत टेकायला जागा नाही, त्याला लागायची शक्यता पुष्कळ जास्त. यातली एकच गोष्ट असेल तर तो बहुधा निभावून नेतो. चारही एकत्र आल्या की धडधाकट माणूसही चक्कर येऊन पडतो. अशा माणसाला कोणी ‘मनानं कच्चा’ म्हणत नाही. त्याला सावलीत नेतात, पाणी देतात.

मनाच्या आजारांचा हिशेब बराचसा असाच आहे. एका घटकाने सहसा आजार होत नाही, घटक एकावर एक साचत जातात. काही घटक बदलता येत नाहीत, जसं की आईला किंवा मामाला पूर्वी असा आजार होता. काही बदलता येतात, जसं की झोप, मारहाण, एकटेपणा. आणि सगळे घटक असूनही आजार न झालेली माणसं असतातच, तशीच एकही घटक दिसत नसताना आजारी पडलेलीही असतात. म्हणून जोखीम घटकांवरून भविष्य सांगता येत नाही. आधी कोणाची विचारपूस करायची, एवढं मात्र नक्की ठरवता येतं.

याच दोन वयांत एवढं काय होतं?

बाळंतीण आणि वयात येणारं पोर, या दोघांना एका लेखात बसवणं वरवर विचित्र वाटेल. पण दोघांच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. शरीर झपाट्याने बदलतं, झोपेचं तंत्र बिघडतं, आणि जगातली आपली जागा बदलते.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन संप्रेरकं (शरीरात तयार होऊन रक्तातून निरोप पोचवणारी रसायनं) प्रचंड वाढलेली असतात. वार पडल्यावर अवघ्या काही दिवसांत ती धाडकन खाली येतात. हा उतार प्रत्येकीच्या वाट्याला येतो, पण काही जणींचा मेंदू त्याला जास्त संवेदनशील असतो. त्यात रक्त कमी, टाक्यांचं दुखणं आणि दर दोन तासांनी पाजायला उठणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे बाळंतपणाची सुरुवातच अशक्तपणातून होते. काही जणींची थायरॉइड ग्रंथीही बाळंतपणानंतर बिघडते, आणि त्याची लक्षणं उदासीसारखीच दिसतात. म्हणून उपचार सुरू करण्याआधी चांगला डॉक्टर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घेतो.

वयात येणाऱ्या पोरांच्या मेंदूत भावना उसळवणारे भाग लवकर जोर धरतात. थांब, विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात १० ते १९ वयातल्या दर सात जणांपैकी एकाला मनाचा काही ना काही आजार असतो. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. दोन आकड्यांत फरक आहे, कारण वयोगट आणि मोजायची पद्धत वेगळी. कमी आकडा धरला तरी पन्नास पोरांच्या वर्गात तीन-चार जण निघतात.

तिसऱ्या दिवशीचं रडू आणि खरा आजार

इथे गल्लत फार होते, म्हणून थोडं सविस्तर.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, क्षणात हसू क्षणात आसू, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतं. त्याला औषध लागत नाही, आराम आणि माणसं लागतात.

दोन आठवडे उलटूनही मन वर येत नाही, बाळाकडे बघून काही वाटत नाही, ‘मी आई व्हायच्या लायकीचीच नाही’ असं वाटत राहतं, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नाही, तेव्हा ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकतं. हा आजार आहे आणि तो बरा होतो. उदासीपेक्षा सततची काळजी हे त्याचं रूप अनेक घरांत दिसतं. बाळाचा श्वास चालू आहे ना हे रात्रीतून वीसदा तपासणं, दूध पुरतंय का म्हणून हुंदके देणं. घरचे कौतुकाने म्हणतात, "लेकराचा फार जीव लावून घेतला." कौतुकापायी आजार झाकला जातो.

तिसरा प्रकार दुर्मीळ, पण तातडीचा आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अचानक भास होतात, संशय येतो, झोपेची गरजच वाटेनाशी होते, बोलणं असंबद्ध होतं. घरात लगेच ‘बाहेरचं लागलं’ म्हणून धावाधाव सुरू होते आणि मोलाचे दिवस जातात. हे दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. इथे एक जोखीम घटक बाकी सगळ्यांना मागे टाकतो. बाईला पूर्वी द्विध्रुवीय आजार, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी येणारा आजार, झालेला असेल तर हा धोका हजारात एक-दोन राहत नाही. तो साधारण पाचात एकापर्यंत जातो. लग्नाच्या वेळी लपवलेली ही गोष्ट निदान प्रसूतीच्या डॉक्टरांपासून लपवू नये, ती यासाठी. गरोदर राहिल्याचं कळताच मनात घाबरून चालू गोळ्या बंद करणं तर त्याहून वाईट. बदल करायचा तो डॉक्टरांनी करायचा.

आकडे काय म्हणतात

२०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वीस हजारांहून जास्त माता होत्या. प्रसूतीपश्चात नैराश्याचं प्रमाण निघालं २२ टक्के, म्हणजे पाचात एकीहून थोडं जास्त. या आढाव्यात पुन्हा पुन्हा समोर आलेले घटक बघा: पैशाची ओढाताण, घरातली मारहाण, आईला पूर्वी झालेला मनाचा आजार, नवरा-बायकोतली भांडणं, नवऱ्याची साथ नसणं, आणि मुलगी होणं.

ही यादी दोनदा वाचावी अशी आहे. संप्रेरकं तर सगळ्याच बायकांची घसरतात. मग पाचातली एक वेगळी का पडते, याचं उत्तर या यादीत बरंचसं घराच्या उंबरठ्याच्या आत आहे. पूर्वीचा आजार सोडला तर यातलं जवळपास काहीच बाईच्या ‘स्वभावात’ नाही.

गोव्यातला २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याला आणखी एक धागा जोडतो. तिथे बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या, आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणींना त्रासाची लक्षणं गरोदरपणातच दिसत होती. म्हणजे सातव्या महिन्यात, डोहाळेजेवणाच्या फोटोत, ती बाई आधीच आजारी असू शकते. आपण मात्र बाळंत झाल्यावर ‘अचानक काय झालं’ म्हणून चकित होतो.

मुलगी होणं हा जोखीम घटक कसा?

हे वाचून काही जणांना राग येतो, आणि यायला हवा. मुलीचा गर्भ आईच्या मेंदूवर काही वेगळा परिणाम करत नाही. धोका येतो तो मुलगी झाल्यावर घर जे करतं त्यातून. दवाखान्याच्या व्हरांड्यात पेढ्यांच्या जागी आलेली शांतता, भेटायला न आलेले सासरे, ‘पुढच्या वेळी बघू’ हे वाक्य. गोव्याच्या अभ्यासात तर दिसलं की घरात मारहाण किंवा उपासमार असलेल्या बाईच्या बाबतीत बाळ मुलगा की मुलगी यावर धोका कमी-जास्त होत होता. बाई तीच, नवराही तोच. मुलगा झाला की घर थोडं मवाळ होतं, आणि तेवढ्याने तिचा जीव वाचतो.

जोखीम घटकांच्या यादीत ‘मुलगी’ असं छापलेलं असलं तरी वाचताना तिथे ‘घर’ असं वाचावं.

आमच्या आजीला आठ पोरं झाली, तिला कुठे काय झालं?

हा आक्षेप प्रत्येक घरात येतो, आणि त्यात थोडं खरं आहे. सव्वा महिना माहेरी, मालिशवाली बाई, शेक-शेगडी, डिंकाचे नि मेथीचे लाडू, हातात आयतं ताट. यातून बाईला विश्रांती मिळते, बाळ सांभाळायला चार हात मिळतात. ज्यांना माहेर आहे आणि माहेरी मान आहे त्यांना याचा आधार होतो.

पण हीच रीत कशी उलटते तेही बघा. मे महिन्यात नागपुरात बाळंत झालेली बाई. कानात कापूस, डोक्याला गुंडाळलेला स्कार्फ, खोलीची दारं-खिडक्या लावलेल्या, कूलर बंद, कारण ‘बाळंतवारं लागेल’. बाहेर ४५ अंश. पाणीसुद्धा मोजून. बाळ घामोळ्यांनी रडतंय, ही रात्रभर जागी. दिवसा पाहुण्यांची रीघ, प्रत्येकाचा एक सल्ला आणि एक प्रश्न, "दूध येते ना?" तिला एकटं असं मिळत नाही, आणि सोबत कोणी आहे असंही वाटत नाही. सलग झोप तुटणं हा मन बिघडवणारा स्वतंत्र घटक आहे, आणि इथे तो रीत म्हणून घरात आणला जातो. बाळावर थेट झोत येणार नाही असा कूलर लावा, तिला पोटभर पाणी प्यायला द्या, आणि रात्रीतून एकदा तरी चार-पाच तास सलग झोपू द्या. लाडवांइतकाच याचा उपयोग आहे, कदाचित जास्तच.

आणि आजीला काही झालं नव्हतं हे आपल्याला कोणी सांगितलं? आजीला कोणी विचारलंच नव्हतं. ‘तिसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभर गप्प झाली होती’ किंवा ‘तिच्या अंगात यायचं’ अशा आठवणी जुन्या माणसांकडे जरा खोदून विचारल्या की निघतात.

आता पोरांकडे

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळहून दहावी झालेली पोरं नीट नि जेईईच्या क्लाससाठी नागपुरात येतात. तीन जणांत एक खोली, मेसचा डबा, भिंतीवर आवर्तसारणी. गावात पहिला आलेला पोरगा इथल्या पहिल्याच टेस्टमध्ये बॅचच्या तळाशी जातो. घरी फोन केला तर बाप सांगतो की यंदा सोयाबीन गेलं, पण तू काळजी करू नको, अभ्यास कर. हे वाक्य ऐकून काळजी न करणारा पोरगा मला अजून भेटायचा आहे.

या वयात धोका वाढवणारे घटक अभ्यासातून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहेत. घरात आई-वडिलांपैकी कोणाला मनाचा आजार असणं, लहानपणी झालेली मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, शाळेतली दादागिरी, घरातली सततची भांडणं, दारू, गरिबी, शिकण्यातली न ओळखलेली अडचण. वयात आल्यावर मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण मुलांच्या साधारण दुप्पट होतं. मुलांचं नैराश्य मात्र अनेकदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडणं, मारामारी, क्लास बुडवणं, गाडी बेफाम चालवणं, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), असं दिसतं. मग त्याला ‘वाया गेला’ म्हणतात आणि त्याची गाडी काढून घेतात.

झोपेबद्दल एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. वयात येताना शरीराचं झोपेचं वेळापत्रकच उशिराकडे सरकतं. रात्री अकराच्या आधी झोप येत नाही, हा आळस नसून शरीरधर्म आहे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आता सकाळी सहाच्या बॅचला पोचायला पाचला उठायचं आणि रात्री बारापर्यंत टेस्ट सिरीज सोडवायची, तर हिशेब कुठेच बसत नाही. दोन वर्षं असं चालतं.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, कॉलेज आणि कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून पोरांच्या वेगळ्या बॅच पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. जोखीम घटकांच्या भाषेत वाचलं तर हे अगदी साधं आहे: बदलता येण्यासारखे दोन-तीन घटक बदला. प्रवेश घेताना फीच्या हप्त्यांसोबत समुपदेशकाचं नाव आणि तो कोणत्या वारी बसतो हेही पालकांनी विचारावं.

पण सगळं परीक्षेमुळेच ना?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात महाराष्ट्राचा आकडा राज्यांमध्ये सर्वांत मोठा होता. बातमीत याला ‘परीक्षेचे बळी’ असा मथळा मिळतो. पण त्याच वर्षीच्या सर्व वयांच्या आत्महत्यांत परीक्षेतलं अपयश हे कारण सव्वा टक्क्याच्या आसपास नोंदलेलं आहे, आणि कौटुंबिक प्रश्न जवळपास एक तृतीयांश मृत्यूंसमोर. शिवाय नोंदीत एका मृत्यूसमोर एकच कारण येतं. माणसाच्या आयुष्यात मात्र ती दहा-बारा असतात, आणि निकाल हा त्यातला फार तर शेवटचा धक्का. बहुतेकदा त्याच्या मागे महिनोन् महिने न ओळखलेला आजार असतो. त्यावर उपाय होता.

मोबाईलचंही तसंच. जास्त वेळ फोनवर घालवणाऱ्या पोरांमध्ये उदासी जास्त आढळते हे बरोबर. पण फोनमुळे उदासी आली, की उदास पोर फोनमध्ये शिरलं? दोन्ही घडतं. रात्री दोनपर्यंत फोन हातात असेल तर झोप जाते, तिथे तो नक्की घटक आहे. तोच फोन गडचिरोलीच्या पोरीचा घराशी एकमेव धागा असेल तर तो हिसकावून घेऊन आपण एक आधारही काढून घेतो. फोन आठ वाजता नव्हे, झोपताना खोलीबाहेर, एवढा नियम पुष्कळ घरांत पुरतो.

दोन्ही टोकं जिथे एकत्र येतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, आणि १५ ते १९ वयातल्या ७.६ टक्के मुली आई झाल्या होत्या किंवा गरोदर होत्या. सतरा वर्षांची आई म्हणजे दोन्ही याद्या एकाच अंगावर. तिचा स्वतःचा मेंदू अजून घडतो आहे, शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, नवरा कमावता असेलच असं नाही. आशाताईंच्या यादीत हिचं नाव सगळ्यांत वर हवं.

दुसरा दुवा जरा लांबचा आहे. आईचं नैराश्य वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर ते मूल मोठं होताना त्याच्यासाठी जोखीम घटक बनतं. आजच्या क्लासच्या पोराचा प्रश्न काही वेळा सोळा वर्षांपूर्वीच्या बाळंतिणीच्या खोलीत सुरू झालेला असतो. हे आईला दोष देण्यासाठी सांगत नाही. तिच्यावर वेळेत उपचार झाले तर दोघांचा फायदा होतो, एवढंच.

विचारायचं कसं? आणि विचारलं तर डोक्यात भरेल ना?

नाही भरत. जीव द्यावासा वाटतो का, हे थेट आणि मायेने विचारल्याने धोका वाढत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. उलट बोलायला वाट मिळते. "असं काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना तुझ्या?" असं विचारलं की समोरच्याला ‘नाही’ एवढंच म्हणता येतं. "इतका त्रास होतोय, कधी जगणं नको वाटतं का?" असं विचारलं तर खरं उत्तर येण्याची शक्यता असते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही आणि मदत घ्यायची, बस.

बाळंतिणींसाठी १९८७ मध्ये एडिनबर्गमध्ये दहा प्रश्नांची एक चाचणी तयार झाली. ती आज जगभर वापरतात, मराठीतही. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. पहिलाच प्रश्न असा आहे की गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू येत होतं का, गोष्टींतली गंमत दिसत होती का. ‘झोप कमी झाली का’ असं ती सरळ विचारत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या आईची झोप कमी असणारच. ती विचारते, दुःखामुळे झोप उडाली का. गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नाही. पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे विचारपूस करायला माणूसही तयार आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा जो प्रयोग केला, त्यातून पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, आईचा ताप, रक्तस्राव विचारते. मन बिघडायला लागण्याचे दिवस नेमके हेच. ‘आणि तुझं मन कसं आहे, बाई?’ हे वाक्य या भेटींत बसवायला नवीन योजनेची गरज नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन नैराश्यातल्या गरोदर बायकांशी बोलायला लावलं होतं. २००८ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, नेहमीच्या भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के अजून नैराश्यात होत्या, आणि या पद्धतीने बोलणं झालेल्यांपैकी २३ टक्के. सेविकांपैकी कोणी डॉक्टर नव्हती.

नागपुरात जायचं कुठे?

मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थेट पागलखाना चौक येतो आणि विषय संपतो. पण तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत जायची गरज थोड्यांनाच असते. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. इतर कुठल्याही ओपीडीसारखी चिठ्ठी काढायची आणि रांगेत बसायचं. डागाला (सरकारी स्त्री रुग्णालयात) किंवा खासगीत बाळंतपण झालं असेल तर सहाव्या आठवड्याच्या तपासणीला गेल्यावर प्रसूतीच्या डॉक्टरांनाच आधी सांगा. पोरांसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ नावाची किशोरवयीनांची केंद्रं असतात. आणि रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

गोळ्यांची सवय लागते, दूध आटतं, बाळ आईपासून तोडतात

नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नयेत, आणि बरं वाटल्यावर मनानेही बंद करू नयेत. हळूहळू कमी कराव्या लागतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, ही भीती तिथून आलेली आहे. त्या वेगळ्या. सौम्य त्रासात तर अनेकदा गोळ्या लागतही नाहीत, समुपदेशनाने भागतं.

दुधाचं म्हणाल तर सर्ट्रालिनसारखी औषधं दुधात फार थोडी उतरतात आणि पाजत्या आईला ती वर्षानुवर्षं दिली जात आहेत. कोणती गोळी चालेल हे डॉक्टर ठरवतील, पण ‘पाजते म्हणून उपचार नाही’ हे उत्तर कोणी दिलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

बाळ तोडण्याची भीती सगळ्यांत खोल असते, आणि तिच्यापायी बायका गप्प राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात यावर स्पष्ट तरतूद आहे. आईला भरती करावं लागलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून दूर करायचं नाही. आईच्या आजारामुळे बाळाला धोका असेल किंवा बाळाच्याच हितासाठी नि सुरक्षेसाठी गरज असेल तरच तात्पुरतं वेगळं ठेवता येतं, तेही देखरेखीखाली आईची भेट चालू ठेवून. बहुतेक जणींना तर भरती करावंच लागत नाही.

पहिल्यांदा जाताना बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि हिमोग्लोबिन-थायरॉइडचे रिपोर्ट असतील तर ते सोबत घ्या. बाळाला घ्या. बाळ धरायला एक माणूस घ्या. आणि डॉक्टरांशी बोलताना दहा मिनिटं तरी त्या माणसाने, मग तो नवरा असो, सासू असो की आई, दाराबाहेर बसावं. पोराला घेऊन गेलात तर हाच नियम तुम्हालाही लागू.